गंधाचा माग

मार्गशीर्षाच्या अखेरीस मराठवाड्यातील किंवा विदर्भातील एखाद्या शिवारात पहाटे पाऊल टाकावे, तर हरभऱ्याच्या हिरव्या पट्ट्यात अधूनमधून एकेक काठी रोवलेली दिसते. काठीला प्लॅस्टिकचे नरसाळे, नरसाळ्यावर लहानसे छप्पर आणि खाली लोंबणारी लांबट पिशवी, एवढाच तो सरंजाम. छपराच्या आतल्या बाजूस बोटाच्या पेराएवढी रबराची एक गुंडी अडकवलेली असते. माणसाच्या नाकाला तिचा म्हणण्यासारखा वास येत नाही. तरीही रात्रभरात कोठून कोठून आलेले मातकट रंगाचे पतंग त्या पिशवीत फडफडत पडलेले असतात. आणि ते बहुतेक सारे नर असतात. शेतकरी पिशवीची गाठ सोडतो, पतंग मोजतो, आकडा टिपून ठेवतो आणि गाठ पुन्हा बांधतो.

या साधनाला मराठीत ‘कामगंध सापळा’ असे नाव रूढ झाले आहे. नाव नवे, साधन स्वस्त आणि दिसावयास अगदी सामान्य. परंतु त्याच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे. त्या इतिहासात फ्रान्समधील एका वृद्ध निरीक्षकाची अभ्यासिका आहे, बिहारमधील एक संशोधनसंस्था आहे, जर्मनीतील रसायनशाळा आहे आणि हैदराबादजवळची तुरीची शेतेही आहेत. मुख्य म्हणजे त्यात एका अपेक्षाभंगाची कथा आहे. माणसाने या गंधाकडे प्रथम शस्त्र म्हणून पाहिले. ते शस्त्र बोथट ठरले. पुढे जेव्हा त्याने त्याच गंधाला निरोप्या म्हणून स्वीकारले, तेव्हाच तो शेतकऱ्याच्या खऱ्या उपयोगी पडला.

ज्या किडीसाठी ही काठी रोवली जाते, तिची ओळख आधी करून घेणे इष्ट होईल. शास्त्रज्ञ तिला हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणतात; १९६५ पूर्वीच्या ग्रंथांत तिचे नाव हेलिओथिस आर्मिजेरा असे आढळते. शेतकऱ्याच्या भाषेत मात्र या एकाच किडीला पिकागणिक निराळे नाव आहे. हरभऱ्यावर ती घाटे अळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, कपाशीवर अमेरिकन बोंडअळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी. नावे अनेक, कीड एकच. आणि तिचे सामर्थ्यही याच गोष्टीत आहे. कपाशीवर वाढलेली पिढी तुरीवर उतरते, तुरीवरची हरभऱ्यावर जाते, आणि शेतकऱ्याने एका पिकात केलेल्या चुकीचे फळ दुसऱ्या पिकाला भोगावे लागते.

हरभऱ्याच्या झाडाला निसर्गाने स्वतःचे असे संरक्षण दिलेले आहे. त्याच्या पानांवरील सूक्ष्म केसांतून आम्ल पाझरते. हीच हरभऱ्याची आंब. पूर्वी रात्री पिकावर पातळ कापड पसरून पहाटे ते पिळून घेत आणि ती आंब घरगुती औषधासाठी जपून ठेवीत. अनेक किडी या आम्लामुळे हरभऱ्यापासून दूर राहतात. घाटे अळीला मात्र त्याची फारशी तमा नसते. मादी पतंग रात्रीच्या वेळी कोवळ्या पानांवर, कळ्यांवर आणि फुलांवर एकेक करून शेकडो अंडी घालते. तीन-चार दिवसांनी, आणि थंडीत त्याहून थोड्या उशिरा, त्यांतून केसासारख्या बारीक अळ्या निघतात. प्रथम त्या पाने खरवडतात. अंगात बळ आले, की घाट्याला वाटोळे छिद्र पाडून अर्धे शरीर आत आणि अर्धे बाहेर अशा स्थितीत दाणा फस्त करतात. अशी वाढलेली अळी औषधाला सहजासहजी दाद देत नाही. तेव्हा शेतकऱ्याच्या हाती खरा अवधी असतो तो अंडी घातल्यापासून अळी शेंगेत शिरेपर्यंतचा, म्हणजे मोजक्या दिवसांचा. तो अवधी कधी सुरू झाला, हे त्याला कोणी सांगावे? पतंगांचा सारा व्यवहार रात्रीचा, आणि अंडी खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान. या प्रश्नाचे उत्तर गंधाने दिले. परंतु ते फार वळणाच्या वाटेने आले.

त्या वाटेचा आरंभ फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातील सेरिन्यां या खेड्यात शोधता येईल. तेथे जाँ आंरी फाब्र हा कीटकांचा थोर निरीक्षक राहत असे. मे महिन्याच्या एका सकाळी त्याच्या टेबलावरील कोशातून मयूर-पतंगाची एक मादी बाहेर आली. हा युरोपातील सर्वांत मोठ्या पतंगांपैकी एक. फाब्रने तिला तारेच्या जाळीच्या टोपणाखाली ठेवले आणि तो आपल्या कामाला लागला. त्याच रात्री त्याच्या लहान मुलाने आरडाओरडा करून त्याला बोलावले. घरात पाखरांएवढे पतंग शिरले होते. दिवा घेऊन तो खोलीत गेला, तेव्हा त्या जाळीभोवती नर पतंगांनी फेर धरला होता. सारे मिळून चाळीसएक असावेत. काळोखातून, झाडाझुडपांतून वाट काढीत ते त्या एका मादीकडे आले होते.

त्यांना कोणी बोलावले? फाब्रने पुढील कित्येक वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा केला. मादीला घट्ट झाकणाच्या डबीत बंद केले, तर एकही नर येत नसे. झाकण किंचित किलकिले ठेवले, तर ते येत. उग्र वासाची डांबराची गोळी जवळ ठेवली, तरी त्यांची वाट चुकत नसे. दुसऱ्या एका जातीच्या पतंगांवर केलेला प्रयोग तर फारच बोलका ठरला. मादीला काचेच्या हंडीखाली डोळ्यांसमोर ठेवले असताही नर तिच्याकडे ढुंकून न पाहता, ती आधी ज्या डहाळीवर बसली होती त्या डहाळीवर जाऊन घिरट्या घालू लागले. दृष्टीला दिसणारी मादी त्यांना नको होती. तिने मागे ठेवलेला काही अदृश्य अंश त्यांना हवा होता. हे प्रयोग फाब्रने १९०० साली आपल्या ग्रंथमालेच्या सातव्या भागात प्रसिद्ध केले. मैलोगणती अंतरावरून एखादा गंध कसा पोहोचावा, हे कोडे मात्र त्याला अखेरपर्यंत पुरते उलगडले नाही.

अटलांटिकच्या पलीकडे याच सुमारास हा प्रश्न कुतूहलाचा राहिला नव्हता. १८६८-६९ च्या सुमारास त्रूव्हलो नावाच्या एका हौशी संशोधकाने रेशमासंबंधीच्या प्रयोगांसाठी युरोपातून जिप्सी पतंग मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथे आणले. त्यांतील काही निसटले. वीस वर्षांत त्यांच्या अळ्यांनी गावच्या गाव निष्पर्ण केले. १८९० च्या दशकात त्या राज्याने या किडीविरुद्ध मोठी मोहीम उघडली, तेव्हा जिवंत माद्या पिंजऱ्यात ठेवून नरांना पकडण्याचा उपायही करून पाहण्यात आला. नर पुष्कळ सापडले, पण कीड हटली नाही. गंधाच्या सापळ्याला मिळालेला हा पहिला धडा होता. तो धडा लोक पुढे वारंवार विसरणार होते.

यानंतर या इतिहासाचे एक पान भारतात लिहिले गेले. बिहारमधील पुसा येथे साम्राज्याची कृषिसंशोधन संस्था १९०५ मध्ये स्थापन झाली होती. तेथील कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हाउलेट याच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. डास दूर राहावेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या मोठ्या संख्येने आकर्षित होत होत्या. सिट्रोनेला हे गवती चहाच्या कुळातील गवत. हाउलेटने १९१२ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि पुढे शोध घेत १९१५ मध्ये त्यामागील मूळ द्रव्य निश्चित केले. ते द्रव्य म्हणजे मिथिल युजेनॉल. हे तुळशीच्या काही जातींतही असते. येथेही एक गोष्ट ठळकपणे दिसली, ती ही की येणाऱ्या माश्या सर्व नर होत्या. १९३४ च्या भूकंपात पुसाची इमारत उद्ध्वस्त झाली आणि संस्था पुढे दिल्लीला गेली. परंतु हाउलेटचा शोध टिकला. कोकणात आंब्याच्या बागांतून दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक सापळा’ टांगलेला दिसतो, त्यातील आमिष हेच.

या मिथिल युजेनॉलने एकदा शस्त्राचेही काम केले. प्रशांत महासागरातील रोटा या लहान बेटावर १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात हे द्रव्य आणि कीटकनाशक यांत भिजवलेले तुकडे विमानातून टाकण्यात आले. नर माश्या त्यांवर बसून मेल्या, माद्यांना जोडीदार उरले नाहीत, आणि त्या बेटावरून ती फळमाशी नाहीशी झाली. यश निर्विवाद होते; परंतु त्याला समुद्राचे कुंपण होते. बाहेरून नवे नर येण्याची सोय तेथे नव्हती. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या शेतांना असे कुंपण कोठून आणावे?

मधल्या काळात गंधाचे रहस्य उलगडण्याचे काम एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हाती घेतले होते. आडोल्फ बुटेनांट याने मानवी लैंगिक संप्रेरकांवर संशोधन करून १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळवले होते. नाझी राजवटीने ते स्वीकारू दिले नाही, म्हणून ते त्याच्या हाती युद्धानंतर, १९४९ मध्ये पडले. कीटकांच्या गंधासाठी त्याने रेशमाचा पतंग निवडला. ही निवड मार्मिक होती. रेशमाचे किडे हजारोंनी पाळता येतात. मादी उडत नाही, ती एका जागी बसून पोटाच्या टोकाशी असलेली ग्रंथी बाहेर काढते. आणि तिचा गंध येताच नर जागच्या जागी पंख फडफडवीत नाचू लागतो. बुटेनांटच्या प्रयोगशाळेत हा नाचच तराजू बनला. ग्रंथींचा अर्क निरनिराळ्या भागांत विभागावयाचा, त्यात काचेची कांडी बुडवून ती नरासमोर धरावयाची, आणि ज्या भागाने नर नाचेल तो पुढे आणखी शुद्ध करावयाचा.

हे काम सुमारे वीस वर्षे चालले. युद्ध आले, प्रयोगशाळा हलल्या, सहकारी बदलले. अखेर सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथींतून काही मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य हाती लागले. १९५९ मध्ये बुटेनांट व त्याचे सहकारी यांनी त्याची रचना जाहीर केली आणि त्याला ‘बॉम्बिकॉल’ असे नाव दिले. त्याच वर्षी पेटर कार्लसन आणि मार्टिन ल्यूशर यांनी अशा सर्व निरोपवाहक द्रव्यांसाठी ग्रीक धातूंवरून ‘फेरोमोन’ हा शब्द घडवला. एका प्राण्याने बाहेर टाकावे आणि त्याच जातीच्या दुसऱ्याच्या वर्तनात त्यामुळे पालट व्हावा, असे द्रव्य म्हणजे फेरोमोन. फाब्रच्या डहाळीवर काय राहिले होते, याचा उलगडा अशा रीतीने जवळजवळ साठ वर्षांनी झाला.

या शोधाने सर्वत्र मोठी आशा निर्माण झाली. विषाचा थेंबही न वापरता किडींचा नायनाट करता येईल, असे अनेकांना वाटू लागले. १९६० मध्ये अमेरिकेत जिप्सी पतंगाचा गंध सापडल्याची घोषणा झाली आणि त्याच्या धर्तीवर ‘जिप्ल्युअर’ हे कृत्रिम द्रव्यही तयार झाले. कीटकनाशकांच्या दुष्परिणामांविषयी जगाला जागे करणाऱ्या रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये या वाटेचा आशेने उल्लेख केला. परंतु शेतात आणि वनात जिप्ल्युअर निष्प्रभ ठरले. मूळ ओळखच चुकली होती. खरे द्रव्य १९७० मध्ये सापडले. दहा वर्षांचा हा काळ वाया गेला, असे मात्र म्हणता येणार नाही. पतंगाची पारख रसायनशास्त्रज्ञाच्या पारखेहून सूक्ष्म असते, हे त्यातून संशोधक शिकले. रेणूची घडण जराशी चुकली, तर नर तिच्याकडे लक्षही देत नाही.

आणखी एक गोष्ट हळूहळू स्पष्ट झाली. रेशमाच्या पतंगाला एका द्रव्याने भुलवता आले, तरी बहुतेक पतंगांचा गंध हे एक मिश्रण असते. घाटे अळीच्या पतंगाबाबत हेच खरे ठरले. त्याच्या गंधातील प्रमुख घटक इटलीतील संशोधकांनी १९७७ मध्ये ओळखला. १९७९ मध्ये लंडनच्या ट्रॉपिकल प्रॉडक्ट्स इन्स्टिट्यूटमधील ब्रेंडा नेस्बिट व त्यांचे सहकारी यांनी इतर घटकांचाही छडा लावला. शेतात सर्वांत उपयुक्त ठरले ते दोन घटकांचे मिश्रण. पहिला घटक शंभरात सत्त्याण्णव भाग आणि दुसरा केवळ तीन भाग. तीन भागांचे महत्त्व ते काय, असे वाटेल. परंतु याच कुळातील, तंबाखू व मिरचीवर जगणारा एक जवळचा भाऊबंद पतंग तेच दोन घटक उलट प्रमाणात वापरतो. अक्षरे तीच, शब्द निराळा. काळोखात हे दोन पतंग एकमेकांच्या वाट्याला जात नाहीत, ते या प्रमाणामुळे.

हा गंध कडधान्याच्या शेतात उतरवण्याचे काम भारतात झाले. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे १९७२ मध्ये इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था स्थापन झाली होती. कोरडवाहू प्रदेशातील ज्या पिकांचा अभ्यास तिच्याकडे सोपवला गेला, त्यांत तूर आणि हरभरा ही दोन प्रमुख कडधान्ये होती. या दोन्ही पिकांचा सर्वांत मोठा शत्रू एकच असल्याने कीटकशास्त्रज्ञांचे लक्ष त्याच्यावर केंद्रित झाले. १९८० च्या दशकात तेथे सापळ्यांचे अनेक नमुने पारखण्यात आले. पाणी भरलेले, चिकट पृष्ठाचे, कोरडे नरसाळ्याचे, असे नाना प्रकार होते. पाण्याच्या सापळ्यात रोज पाणी घालावे लागे. चिकट पृष्ठावर धूळ बसे आणि तो पतंगांनी भरला, की निरुपयोगी होई. कोरडा नरसाळ्याचा सापळा साधा, टिकाऊ आणि कोणालाही हाताळता येण्याजोगा ठरला. गंधाच्या गुंडीभोवती घिरट्या घालता घालता नर नरसाळ्यात घसरतो आणि पिशवीत पडतो. वर जाण्याची वाट त्याला सापडत नाही.

पटनचेरूच्या संशोधकांनी हे सापळे केवळ आपल्या आवारात लावले नाहीत. भारतीय उपखंडातील अनेक संशोधन केंद्रांना त्यांनी एकाच नमुन्याचे सापळे आणि एकाच प्रमाणाचा गंध पुरवला आणि रोजची मोजणी गोळा केली. कोणत्या प्रदेशात कोणत्या महिन्यात पतंग वाढतात, ते स्थानिक असतात की वाऱ्याबरोबर दूरवरून येतात, हे या जाळ्यातून समजून घ्यावयाचे होते. एरवी ज्या किडीची हालचाल काळोखात होत असे, तिची दिनदर्शिका प्रथमच कागदावर उतरू लागली.

येथेच तो जुना मोह पुन्हा पुढे आला. सापळ्यात इतके नर पडतात, तर सापळे वाढवून कीडच का संपवू नये? हिशेब वरवर सरळ दिसतो, पण तो चुकतो. एक नर अनेक माद्यांशी समागम करू शकतो. म्हणून नरांपैकी बहुसंख्य पकडले गेले, तरी उरलेले थोडे पुरेसे होतात. पतंग लांबचा पल्ला उडतो. त्यामुळे एका शेतातले नर संपवले, तरी शेजारच्या शिवारातून नवे येतात, आणि अंडी घालावयास सिद्ध झालेल्या माद्याही येतात. त्यांना हा गंध मुळीच अडवीत नाही. शेतात खऱ्या माद्या पुष्कळ झाल्या, म्हणजे रबराची गुंडी त्यांच्या स्पर्धेत मागे पडते. मॅसॅच्युसेट्समधील पिंजऱ्यांनी जे सांगितले होते, तेच तुरीच्या शेतांनी पुन्हा सांगितले.

मोजणीचा अर्थ लावणेही सोपे नव्हते. चांदणे, वारा, पाऊस आणि थंडी यांचा सापळ्यातील संख्येवर परिणाम होतो. किती पतंग सापडले म्हणजे पिकावर किती अळ्या येतील, याचे नेमके सूत्र बसत नव्हते. जास्त पतंग म्हणजे हमखास जास्त अळ्या, असे प्रत्येक वेळी दिसले नाही. ज्यांनी या साधनाकडे गणितयंत्र म्हणून पाहिले, त्यांची निराशा झाली.

हे वाद संशोधकांत चालू असतानाच एका भयंकर हंगामाने या प्रश्नाला निराळेच गांभीर्य आणले. १९८७-८८ मध्ये आंध्र प्रदेशाच्या किनारी जिल्ह्यांत कपाशीवर याच किडीचा महाभयंकर प्रादुर्भाव झाला. शेतकऱ्यांनी फवारणीमागून फवारणी केली. कर्जे काढून औषधे आणली, आणि तरीही अळ्या मरेनात. नव्या पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशकांना या किडीने प्रतिकारशक्ती मिळवली होती, हे पुढील तपासण्यांतून सिद्ध झाले. पीक गेले, कर्ज राहिले. त्या भागातील काही शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. कीड कपाशीची म्हणून कडधान्य पिकवणाऱ्याने निर्धास्त राहावे, असेही नव्हते. कपाशीवर विष पचवून तगलेले पतंगच पुढे तुरीवर आणि हरभऱ्यावर येणार होते.

या अनर्थाच्या मुळाशी केवळ औषध नव्हते, तर भय होते. दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो. एकदा पीक गमावलेला शेतकरी पान हलले तरी पंप पाठीवर घेतो. किडीची वेळ ठाऊक नसल्यामुळे तो पंचांगातील तिथीप्रमाणे ठराविक दिवसांनी फवारतो. त्यांतील काही फवारे अळी नसताना पडतात आणि मित्रकीटक मारतात. काही अळी मोठी होऊन शेंगेत शिरल्यावर पडतात आणि वाया जातात. आणि प्रत्येक फवारा किडीच्या पुढच्या पिढीला अधिक चिवट करून जातो. या भयावर उतारा एकच होता, तो म्हणजे वेळेवर मिळालेली खबर. आणि ती खबर देणारी नरसाळी तोपर्यंत शेतात उभी राहिली होती.

सापळ्याचे खरे मोल येथे उमगले. अळ्या किती होतील हे तो नेमके सांगू शकत नसे. पण पतंग आले, हे तो निश्चित सांगत असे. पतंग आले म्हणजे अंडी पडणार, अंडी पडली म्हणजे तीन-चार दिवसांत अळ्या निघणार. एवढी सवड शेतकऱ्याला पुरेशी होती. त्या सवडीत त्याने पिकात फिरावे, झाडे निरखावीत आणि मग ठरवावे. म्हणून महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांनी हरभरा व तूर यांसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे पिकाच्या उंचीच्या फूटभर वर लावण्याची आणि दोन-तीन दिवस सतत प्रत्येक सापळ्यात आठ ते दहा पतंग आढळल्यास उपाय योजण्याची शिफारस केली. उपाय म्हणजे लगेच जहाल औषध, असेही नव्हे. अळ्या लहान असताना पाच टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो. केवळ याच किडीला ग्रासणारा एक विषाणू असतो. तोही कोवळ्या अळ्यांवरच नीट चालतो. पिकात ‘टी’ आकाराच्या काठ्या रोवल्या, म्हणजे चिमण्या, साळुंक्या, कोतवाल यांसारखे पक्षी त्यांवर बसून अळ्या टिपतात. तुरीची झाडे हळूच हलवून खाली अंथरलेल्या पोत्यावर अळ्या पाडण्याची युक्तीही शेतकरी योजतात. या साऱ्या सौम्य उपायांची अट एकच, ते वेळेवर झाले पाहिजेत. वेळ सांगणारा सापळा नसता, तर हे उपाय पुस्तकातच राहिले असते.

वैयक्तिक शेतातील ही मोजणी पुढे सार्वजनिक झाली. २००८ च्या पावसाळ्यात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला आणि बहुतांश शेतकऱ्यांना तो कळला तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर २००९ पासून महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाने कृषी विद्यापीठे व केंद्रीय संशोधन संस्था यांच्या सहकार्याने ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. निवडक शेतांत नियमित निरीक्षण करावयाचे, सापळ्यांतील पतंग मोजावयाचे, आकडे एकत्र करावयाचे आणि ज्या तालुक्यात धोक्याची पातळी ओलांडली जाईल तेथील शेतकऱ्यांना सल्ला द्यावयाचा, अशी त्याची पद्धत. सोयाबीन, कपाशी, तूर आणि हरभरा ही पिके त्यात आली. पटनचेरूच्या संशोधकांनी विणलेल्या जाळ्याची कल्पना अशा रीतीने शिवारापर्यंत पोहोचली.

सर्व शेंगांचे प्रश्न या एका गंधाने सुटले, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. तुरीवर आणि चवळीवर फुले व शेंगा जाळ्याने एकत्र गुंफून आतून खाणारी मारुका नावाची दुसरी एक अळी आहे. पश्चिम आफ्रिकेत चवळी हे गरिबाचे मुख्य अन्न. तेथे या किडीने मोठे नुकसान होते. तिच्या गंधाचा मुख्य घटक जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये वर्णिला, आणि २००३ पर्यंत बेनिन या देशातील चवळीच्या शेतांत त्याचे उपयुक्त मिश्रण ठरवण्यात आले. परंतु तेच मिश्रण आशियातील निरनिराळ्या प्रदेशांत सारखे लागू पडले नाही. इंग्लंडमध्ये घेवड्याच्या कुळातील मोठ्या शेंगेच्या बाकल्यावर पडणाऱ्या भुंगेऱ्यासाठी निराळीच वाट चोखाळण्यात आली. रॉथमस्टेड येथील संशोधकांनी २०११ च्या सुमारास बाकल्याच्या फुलांचाच गंध कृत्रिम रीतीने सापळ्यात ठेवला. फुलाचा गंध नरमादी दोघांनाही ओढतो. म्हणजे नरांपुरत्या राहिलेल्या या सापळ्याची एक उणीव तेथे भरून निघाली. हा इतिहास अद्याप संपलेला नाही, हेच यावरून दिसते.

तरीही या साऱ्या प्रवासाचे सार त्या शिवारातील काठीपाशीच सापडते. फाब्रच्या खोलीत शिरलेले पतंग हे एक कोडे होते. बुटेनांटच्या हातात ते एक सूत्र झाले. पटनचेरूला ते एक साधन बनले. परंतु साधन आपोआप काही करीत नाही. महिनाभरात रबराच्या गुंडीतील गंध विरून जातो. ती बदलावी लागते. पिशवी फाटते, ती शिवावी किंवा नवी बांधावी लागते. आणि मुख्य म्हणजे रोज पहाटे कोणीतरी तेथवर जाऊन पतंग मोजावे लागतात. ज्या शेतात सापळा लावून त्याकडे पाठ फिरवली जाते, तेथे तो बुजगावण्याइतकाही उपयोगी नसतो. ज्या शेतात तो मोजला जातो, तेथे तो दोन गोष्टी सांगतो. एक, आता उठण्याची वेळ झाली. आणि दुसरी, जी कर्जाच्या ओझ्याखालच्या शेतकऱ्यासाठी अधिक मोलाची आहे, ती ही की आज फवारण्याचे कारण नाही.

कडधान्य हे या देशातील कोट्यवधी माणसांच्या ताटातील प्रथिनांचे मुख्य साधन आहे. डाळीची वाटी भरलेली राहावी, यासाठी पेरणीपासून मळणीपर्यंत किती जणांचे किती प्रकारचे श्रम लागतात, याची गणना करणे कठीण आहे. त्यांत एका न दिसणाऱ्या गंधाचा आणि तो वाचणाऱ्या माणसाचाही वाटा आहे. पौषातल्या पहाटे, घाटे भरू लागलेल्या हरभऱ्यातून आंबेने पाय भिजवीत शेतकरी काठीपाशी येतो, पिशवी उजेडाकडे धरतो आणि मोजू लागतो. आज तीनच. तो गाठ बांधतो, आणि पाठीवरचा पंप त्या दिवशी खोपटातच राहतो.